पाहणीच्या दिवशी दादा उठले

आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला आहे. घर बांधलं तेव्हा दादांनीच तो तिथं बांधला. घरात संडास म्हटलं की त्यांना किळस यायची. दादा म्हणजे माझे वडील. पुढं एका पावसाळ्यात नालीचं पाणी घरात शिरलं म्हणून त्यांनी जोतं उंच करून घेतलं आणि दाराला तीन पायऱ्या आल्या. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर दिवसभर उभं राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतः सिमेंट कालवायचा. पायऱ्याही त्यानं स्वतःच्या ढांगेच्या मापानं केल्या.

मग लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत न्यावा लागायचा. वॉकर धरून, कुणी पाठीशी असलं तर घरातल्या घरात दोनचार पावलं. तीन पायऱ्या उतरायच्या, अंगण ओलांडायचं आणि तिथं उकिडवं बसायचं, हे एकट्याच्यानं होणारच नव्हतं. माय त्यांना न्यायची. मायचे स्वतःचे गुडघे गेलेले. ती एका पायरीवर थांबायची, दादा तिच्यावर रेलायचे आणि दोघं जण पडतील म्हणून मी खालून हात पुढं करून उभी राहायची. दादा म्हणायचे, "तू जा आत. शाळेत शिकवायला जायचं नाय का आज?"

दादांनी पाणी पिणं सोडलं. आम्हाला कळलं नाही. सकाळी उशाला ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला दिसायचा, पण आजारी माणूस, तहान नसेल, असं आम्ही धरून चाललो. ताप चढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झालेत, हे पाणी का पीत नाहीत? दादा घरी आल्यावर मायला म्हणाले, "पिलं की जावं लागतं."

त्यानंतर माय एकदा पायरीवरून घसरली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हा मी पुढं झाले. दादा म्हणाले, "मला हात लावू नको." त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत धरून ठेवलं. दुपारी नाही धरता आलं. मी काय केलं ते इथं पुन्हा लिहीत नाही. ते मला एका सरकारी कागदावर लिहावं लागलं, तेवढं पुरे. त्या दिवसानंतर बरेच दिवस दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की दिव्यांगांच्या निधीतून घरात बदल करून मिळतात. पायऱ्यांच्या जागी उतार, बसायला कमोड, धरायला भिंतीत दांडे. मी त्याच आठवड्यात क्रांती चौकात रिक्षा बदलून त्या निधीच्या ऑफिसला गेले. फाटकाबाहेर छत्रीखाली एक गृहस्थ टेबल टाकून बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात. मला कोऱ्या कागदावर लिहिताना पाहून म्हणाले, "ताई, स्वतःच लिहिता व्हय? आणा इकडं. कसं लिहायचं ते आम्हाला ठावं असतं."

मी म्हटलं, "मला लिहिता येतं. एम.ए. झालंय माझं."

हे मी ठसक्यात म्हटलं. आमच्या सात पिढ्यांत दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. एके काळी तलाठ्यानं लिहून दिलेल्या कागदावर माझ्या आज्यानं न वाचता अंगठा उठवला आणि बांधावरची जमीन गेली, ही गोष्ट आमच्या घरात आम्ही भाताबरोबर खाल्लेली आहे. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यायला मी शिकले नव्हते. मी लिहिलं: "माझे वडील अत्यंत स्वाभिमानी असून स्वतःची सर्व कामे स्वतः करण्याचा त्यांचा आग्रह असतो. थोडा आधार मिळाल्यास ते कोणावरही अवलंबून राहणार नाहीत."

गृहस्थांनी मान लांब करून वाचलं आणि हसले. "ताई, हा अर्ज हाय का स्थळाचा बायोडाटा? अन् एक ऐका. पाहणीला साहेब आले की बाबाला पांघरूण घालून झोपवा. उगंच बसवू नका."

"आम्ही खोटं करत नाही," मी म्हटलं आणि आत गेले.

पाहणीची तारीख कळली आणि आमच्या घरात पाहुणे बघायला येणार असल्यासारखी धांदल उडाली. मायनं शहागंजातून नवी चादर आणली. गुडघे दुखत असताना अंगण सारवल्यागत झाडून काढलं. न्हाव्याला घरी बोलावून दादांची दाढी केली. मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, उजवा हात बाहीत घालायलाच किती वेळ गेला. दादा म्हणाले, "साहेब माणूस येतोय. घर कसं दिसलं पाहिजे." आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की साहेबाला घर चांगलं दिसता कामा नये.

साहेब तरुण होते. वागायला चांगले होते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांच्यावर ओरडता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी संडास पाहिला, टेप लावून पायऱ्या मोजल्या, मोबाइलमध्ये फोटो घेतले. मायनं पोहे केले होते. ते खाताना दादांनी त्यांना गाव कोणतं, शेती किती, पाऊसपाणी कसं, सगळं विचारलं. दादांचं बोलणं जड झालं होतं, पण त्या दिवशी सुटं निघत होतं.

साहेब निघाले. "येतो काका," म्हणाले.

आमच्याकडं पाहुणा निघाला की घरधनी बसून राहत नाही. फाटकापर्यंत जायचं, तो वळणाआड होईपर्यंत उभं राहायचं. दादांनी डाव्या हातानं वॉकर ओढला आणि उठले. आजारपणापासून कुणी हात न देता ते उठलेले मी पहिल्यांदा पाहिले. माय पुढं झाली तर तिला त्यांनी डोळ्यांनी थांबवलं. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत सात पावलं. सातही टाकली.

"अरे वा काका! चालताय की तुम्ही!"

"व्हय तर," दादा म्हणाले. "आपण काय पडून राहणारं माणूस नाय, साहेब."

आणि मी हसत उभी होते. माझी छाती भरून आली होती. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

साहेबांची गाडी वळली आणि दादा जागच्या जागी खाली आले. वॉकर एकीकडं, ते एकीकडं. शेजारच्या मामांना हाक मारून आम्ही तिघांनी त्यांना खाटेवर घातलं. इस्त्रीचा शर्ट घामानं चिंब झाला होता. पायजमाही ओला होता.

महिन्याभरानं मी ऑफिसात गेले. तिथल्या बाबूंना कागद मोठ्यानं वाचायची सवय आहे. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं, "लाभार्थी स्वतः चालू शकतात. तूर्त गरज दिसून येत नाही."

"सात पावलं चालले ते."

"मग चालणंच झालं ना मॅडम?"

"संडास तिथून पुढं आहे. तीन पायऱ्या उतरून. ते लगेच पडले, साहेब गेल्यावर."

"साहेब गेल्यावर काय झालं ते साहेब कसं लिहिणार?" त्यांनी पान उलटलं आणि माझाच अर्ज वाचायला घेतला. "'स्वतःची सर्व कामे स्वतः करण्याचा त्यांचा आग्रह असतो.' तुमचीच सही आहे ना खाली?"

मागं कुणीतरी हसलं. मी त्या माणसाकडं वळून असं पाहिलं की तो मोबाइल बघायला लागला. पण अक्षर माझं होतं.

"पुन्हा अर्ज करा," बाबू म्हणाले. "आणि जरा परिस्थिती दिसू द्या त्यात. पडलेला एखादा फोटो असला तर जोडा."

"पडल्यावर माणसाला उचलतात. फोटो काढत नाहीत."

मला राग नेमका कुणाचा आला होता ते मी घरी येईपर्यंत ठरवत राहिले. ज्याला मदत हवी त्यानं आधी अगदी संपलेलं दिसलं पाहिजे, असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण त्या इमारतीत सगळे तोच पाळतात, बाहेर छत्रीखाली बसलेलेसुद्धा. जो माणूस सात पावलं टाकायला जिवाचं रान करतो त्यालाच तर दांड्याचा उपयोग होणार! जो कायमचा अंथरुणात आहे त्याला उतार कशाला लागतो? हे शिकल्यासवरल्या साहेबाला कळू नये? आणि शिकलेल्या मला, आधी कळू नये?

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात एकही विशेषण घातलं नाही. दादा पाणी पीत नाहीत, का पीत नाहीत, ते लिहिलं. साहेब गेल्यावर पायजमा ओला झाला होता, ते लिहिलं. त्या आठ दिवसांत मी, लग्नाच्या वयाला आलेल्या त्यांच्या मुलीनं, काय काय केलं ते एकाखाली एक लिहिलं. या वेळी खाली दादांचीही सही लागणार होती. न वाचता सही घ्यायची नाही, ही आमच्या घरची शिकवण. म्हणून मी त्यांना तो वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून.

मधे त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी थांबले.

"वाच," ते म्हणाले.

वाचून संपलं. माय दारात पदर तोंडाला लावून उभी. मग दादा म्हणाले, "खोटं कायबी नाय यात, बाई. पण हे त्यांना कशाला पाहिजे?"

मी पेन पुढं केलं. त्यांनी डाव्या हातानं सही केली. अक्षरं लहान मुलासारखी वाकडी आली.

बाबूंनी तो कागद घेतला आणि सवयीनं तोंड उघडलं. "'माझे वडील'..."

"मनात वाचा," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचेही थांबले. "तोंडानं वाचलात तर कागद घेऊन जाईन."

ते मनात वाचायला लागले. निम्म्यावर त्यांचा चष्मा खाली आला. शिक्का मारून त्यांनी पोच दिली.

या वेळी दुसरे साहेब आले आणि दादा झोपूनच राहिले. पांघरूण त्यांनी स्वतः मागितलं. काम मंजूर झालं. दारात उतार झाला, संडासात कमोड बसला, भिंतीत दोन्ही बाजूंना दांडे. पहिल्या दिवशी दादा दांडा धरून आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. माय आणि मी अंगणात काही काम नसताना उभ्या. दादा आता दिवसभर पाणी पितात, चहाही मागतात.

लोक म्हणतात, झालं ना मग? आता कशाला चिडतेस?

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायला मी शेवटची तिथं गेले तेव्हा म्हटलं, तो दुसरा अर्ज परत द्या.

"मॅडम, तो रेकॉर्डला राहतो."

"किती दिवस?"

"राहतो," बाबू म्हणाले. त्यांनी फायलीची नाडी बांधली आणि ती मागच्या उघड्या मांडणीवर ठेवली. पुठ्ठ्यावर जाड पेनानं दादांचं पूर्ण नाव, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तोंड करून. मी टेबलाला वळसा घालून आत गेले आणि नाव भिंतीकडं जाईल अशी फाईल फिरवून ठेवली.

"अहो मॅडम, असं ठेवलं तर कुणाला सापडणार कशी?"

"नाही सापडली तरी चालेल," मी म्हटलं आणि त्यांच्या कागदावर सही करून दिली.