सोमाजी हलामीची वेगळी फळी

सोमाजी हलामी रागावला की आधी चप्पल घालतो, मग विचार करतो. धानोऱ्याकडच्या अकरा ग्रामसभांच्या संघातून त्यानं आपला खैरीटोला बाहेर काढला, तो असाच.

संघ तेंदूपत्ता एकत्र विकायचा. ठेकेदार एक, भाव सगळ्या गावांना एक. "आपलं पान मखमल, बाकीच्याइचं पापडावानी. मंग भाव सारखा काऊन?" असं सोमाजीचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, नाही असं नाही. पण खरं दुखणं वेगळं. संघाच्या बैठकीत अध्यक्षानं त्याचं भाषण अर्ध्यात थांबवलं होतं.

ग्रामसभेत त्यानं मोबाइल उंच धरला. "इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडला. येवढा मोठा देश! आपून काऊन भ्याचं?"

"मंग तिथी पान कोन तोडते आता?" म्हाताऱ्या चंदाबाईनं विचारलं.

सगळे हसले आणि ठराव पास झाला.

एकट्या गावाच्या पानासाठी चौदा किलोमीटर जंगलात ट्रक घालायला ठेकेदार तयार होईनात. शेवटी एक सापडला, तोही संघापेक्षा कमी भावात. वर त्याची अट: दहा दिवसांत शंभर पोती भरली तर उचलीन, नाहीतर पान तुमचं तुम्हाला. दरवर्षी शंभर पोती सहज भरत. ग्रामसभेचा अध्यक्ष म्हणून सोमाजीनं ऐटीत सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी फळीवर, म्हणजे पानांचे पुडे वाळवायच्या मैदानावर, ढोरं चरतील एवढी जागा रिकामी. गावात बायाच नव्हत्या.

या भागात लग्न झालेली लेक हंगामात माहेरच्या जंगलात पान तोडू शकते, माहेरच्याच फळीवर देऊ शकते. तिला कोणी अडवत नाही. भाव सारखा होता तोवर एवढी पायपीट करणार कोण? आता मात्र खैरीटोल्याच्या सुना पहाटेच वाटेला लागल्या, कारण बहुतेक जणी संघातल्याच गावांच्या लेकी. सगळ्यांच्या पुढं सोमाजीची बायको, सीता.

"तू बी?" सोमाजीनं दारात अडवलं.

"सभेत मी पुसत होतो, बायाइले इचारलं का म्हनून. तुमी मोबाइल दाखवून राह्यले होते." तिनं डोक्याला फडकं बांधलं. "जातो मी. भात झाकून ठेवलो आहे."

दहाव्या दिवशी ठेकेदाराचा मुनशी आला. चाळीस पोती भरली होती. "सोमाजीभाऊ, चाळीस पोत्यासाठी ट्रक नाई येत," म्हणाला आणि उरलेला बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मोटरसायकलला बांधून गेला. आभाळ भरून आलं होतं. भिजलं पान काळं पडतं, मग त्याला कोणी फुकट नेत नाही. सगळं गाव सोमाजीकडे बघू लागलं, आणि तो पहिल्यांदाच चप्पल शोधत बसला.

"माह्या माहेरच्या फळीवर चला," सीता म्हणाली. "दुसऱ्या गावचं पान घेत नाई ते. लेकीचं घेते, संघातल्या कोन्त्याबी गावची असो."

दुपारी खैरीटोल्याचे गडी बैलगाड्या घेऊन सहा किलोमीटर गेले. फळीवर वही घेऊन बसला होता दसरू, सीताचा भाऊ.

"या जवाईबापू! इंग्लंडहून आले का?"

सोमाजीचे कान लाल झाले. मागं गाड्यांची रांग होती. पहिला थेंब दसरूच्या वहीवर पडला.

"पान कोनाचं हाय?"

"गावाचं."

"गाव तर संघात नाई. कोनाचं लिहू?"

"सीताचं," सोमाजी पुटपुटला.

"आयकू नाई आलं."

"सीताचं हाय, सीताचं! माह्या बायकोचं! लिही लवकर, पानी येऊन राह्यला!"

दसरूनं नाव लिहिलं. मागच्या गाडीवरून सोमाजीच्या पुतण्यानं, इसरूनं, न विचारताच आपल्या बायकोचं नाव सांगितलं. त्याच्यामागच्यानं त्याच्या बायकोचं. सीतानं ताडपत्रीचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. "उभे काय राह्यले? वढा."

सोमाजीनं ओढली.