बांधाखालची चर

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा कॉलेजात गेलो म्हणून लगेच लिहायला बसावं, असं मलाही वाटत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ते "लिही की" म्हणाले असते. म्हणूनच विचारलं नाही.

ते माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आमचं गाव कुंडलच्या जवळ, सगळं उसाचं. वाटणी झाली तेव्हा थोरले म्हणून आप्पांनी आधी निवड केली आणि खालचं, ओढ्याकाठचं काळं रान घेतलं. माझ्या वडिलांना बांधाच्या वरचं मुरमाड रान मिळालं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ही निवड दादा कधी विसरले नाहीत. जेवताना भाजी थोडी आळणी झाली तरी त्यांना ती वाटणी आठवायची.

पुढे नदीचं पाणी पाइपातून वर आलं आणि मुरमाड रानातही ऊस उभा राहिला. पाणी पाळीनं मिळतं. आमच्याकडे पाळी चालू असताना पाणी बंद करत नाहीत. सऱ्या भरल्या, वरंबे बुडाले, तरी ते चालूच ठेवायचं. पाणीपट्टी एकरावर बसते, पाणी किती घेतलं ते कुणी मोजत नाही, आणि आपण बंद केलं की ते पुढच्याला मिळतं. पुढच्याला मिळू द्यायचं नाही, एवढं लहान पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. दादा घरी जेवायला गेले की मी पाण्यावर राखणीला बसायचो. भरलेल्या उसात आणखी पाणी जाताना बघून मला श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षांत आप्पांच्या रानात मीठ फुटायला लागलं. आधी एका कोपऱ्यात पांढरी साय आली. मग ऊस पिवळा पडला, गुडघ्याएवढा होऊन बसला. मग तिथं काहीच येईना. पायाखाली जमीन पापडासारखी मोडायची आणि खाली चिखल लागायचा. गावात याची गंमत झाली. आप्पा पारावर आले की कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, आज कालवणात मीठ कमी पडलंय, जरा रानातनं आणता का?" सगळे हसायचे. दादाही हसायचे. म्हणायचे, "निवडून घेतलीया की त्यांनी. आता चाखावी."

मी आठवीत होतो. एकदा सगळ्यांसमोर वाटी घेऊन आप्पांच्या दारात गेलो आणि म्हणालो, "आप्पा, आईनं मीठ मागितलंय." आईनं मागितलं नव्हतं. माझ्या मागं चौघंजण हसत उभे होते. आप्पा आत गेले आणि खरंच वाटी भरून मीठ घेऊन आले. "सांडू नकोस," एवढंच म्हणाले.

नंतर मी शेतीचं शिकायला साताऱ्याला गेलो. दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर उतार काढला. वर रान, खाली रान, मधे बांध. वर जास्तीचं दिलेलं पाणी जमिनीच्या पोटातून खाली सरकतं, खालच्या रानात वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. सर कुठल्याही उसाच्या रानाचं सांगत होते. मला त्या फळ्यावर आमचा बांध दिसत होता. त्या तासाला मी वहीत काहीच लिहिलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्याच्या संस्थेची बैठक होती. आप्पा उठून म्हणाले, "वरच्यांनी सरी भरली की पाणी बंद करावं. माझं रान तुमच्या पाण्यानं गेलंय. एकरभर तरी परत यिऊ द्या. ऊस न्हाई मागत मी. घरच्या शाळूची भाकरी खायची हाय एकदा."

कुणीतरी ओरडलं, "पाणी काय बांधाखालनं चालत जातंय व्हय आप्पा? पाय फुटल्यात त्याला?"

हशा थांबल्यावर आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोराला इचारा. त्यो शिकतोय त्यातलंच."

सगळे वळले. दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त मांडीवरचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही. माती तपासायला लागेल."

"शिकलास गड्या," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी पुन्हा कुणाला काही मागितलं नाही. पावसाच्या आधी स्वतःच कुदळ घेऊन बांधाच्या पायथ्याला, आपल्याच रानात, कमरेइतकी खोल चर खणली आणि ओढ्याला जोडली. दोन महिने खणत होते. लोक बांधावर उभे राहून विचारायचे, "आप्पा, धन गावलं का?" पाऊस पडला, मीठ धुऊन चरीतून गेलं, आणि आप्पांनी धैंचा पेरला. तो खतासाठी हिरवाच मातीत गाडायचा असतो.

गणपतीच्या सुट्टीत गेलो तर धैंचा कमरेला लागत होता. आप्पांनी मूठभर माती माझ्या हातात दिली. ती भुसभुशीत होती. "वास घे," ते म्हणाले. मी घेतला. बैठकीत काही झालंच नाही असं ते बोलत होते. "आता शाळू टाकतो. हुरड्याला यायचं, काय? तुझ्या साताऱ्याच्या मैतरांस्नी घिऊन ये."

मला फार लाज वाटली आणि फार आनंदही झाला. वाटलं, तेव्हा बोललो नाही ते आता तरी बोलावं. दुसऱ्या दिवशी दादांना बांधावर नेलं. काडीनं मातीत उतार काढला, सरांनी काढला होता तसाच. म्हणालो, "दादा, आपलंच पाणी खालून आप्पांच्या रानात जात होतं. आता ती चर ते धरते आणि ओढ्याला सोडते. आपल्या रानालाही ते चांगलंच आहे. आपण कमी पाणी दिलं तर दोन्ही रानं राहतील."

दादा चित्रावर वाकले.

"म्हंजे आपल्या पाळीचं पाणी ह्या चरीतनं वड्याला जातंय?"

"हो, पण जास्तीचं."

"आपलंच पर."

"हो."

त्यांनी पायानं चित्र पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." त्यांना पटलं, असं मला वाटलं. एसटीत बसून साताऱ्याला येईपर्यंत मी खुशीत होतो.

दिवाळीला परीक्षा होती, गेलो नाही. दर रविवारी फोन करत होतो. दादा म्हणायचे, सगळं बरं हाय. शाळूचं विचारलं की म्हणायचे, हाय की. पौषात मी मित्रांना हुरड्याचं सांगून ठेवलं आणि आप्पांना कळवायला घरी फोन लावला. आईनं उचलला. मी हुरड्याचं नाव काढलं.

"तुला सांगू नको म्हणालं हुतं दादा, परीक्षा हुती म्हणून," ती म्हणाली. "दिवाळीच्या मागनं पाळी आली तवा ह्यांनी जेसीबी लावून चर बुजवली. बांधाला धोका हाय म्हणून सांगितलं सगळ्यांस्नी. आन वर म्हणालं, माझं पोरगंच म्हणालंय, शिकल्यालं हाय, आपलं पाणी ह्यातनं जातंय म्हणून. मग कोण काय बोलंल?"

मी विचारलं, "आप्पा काय म्हणाले?"

"कडंला बसून बघत हुते. शाळू तवा वीतभर हुता. पिवळा पडला, मग गेला."

मागे दादांचा खोकला ऐकू आला. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "काल दारात आल्ते आप्पा. तुझ्यासाठी निरोप दिलाय. म्हणाले, हुरड्याला यिऊ नको म्हणावं. वाटी घिऊन ये म्हणावं."