दोन जिवांची कॅप्सूल

मेडिकलच्या काउंटरमागे सोळा वर्षं उभं राहिलं की दोन गोष्टी होतात. पोटऱ्या दुखतात आणि किस्से साठतात. पोटऱ्यांना मलम चोळता येतं, किश्श्यांचं काय करणार? मसुऱ्याच्या बाजारात माझं दुकान. ताप-खोकल्याच्या गिऱ्हाइकांचे किस्से बरेच आहेत, पण पोटुशी बाई किंवा बाळंतीण आणि अँटिबायोटिक एकत्र आलं, की जी अक्कल बाहेर पडते तिला तोड नाही. आणि ती अक्कल त्या बिचारीची क्वचितच असते, आजूबाजूच्यांची असते.

*

एक नवरोबा चिठ्ठी घेऊन आले. बायकोला पाचवा महिना, लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहिलेलं. मी मोजून कॅप्सूल दिल्या, तर हे हलेनात. दुप्पट द्या म्हणाले. कशाला, विचारलं.

"वयनी, डॉक्टरान एकाच माणसाचा औषध लिवल्यान. हयसर जीव दोन आसत."

जेवण दोघांचं जेवू दे, औषध मात्र चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, हे पटवायला मला पंधरा मिनिटं लागली. पटलं एकदाचं. निघताना म्हणाले, जुळी निघाली तर परत येतो!

*

शिकलेल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. एक बाई शाळेत शिकवतात. सातव्या महिन्यात त्यांना तोच आजार, तीच कॅप्सूल. दोन दिवसांत जळजळ थांबली. मग यांनी मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि उरलेला कोर्स केराच्या डब्यात टाकला. वर दुकानात येऊन मला ऐकवून गेल्या, "आम्ही प्रेग्नन्सी नॅचरल ठेवणार आहोत."

आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला आणि बाई ॲडमिट झाल्या. मी भेटायला गेले तेव्हा हाताला सलाइन लावलेलं. म्हटलं, "बाई, ताप अगदी नॅचरल आहे हो." बोलायला नको होतं, पण जिभेला हाड नाही माझ्या. बाळ सुखरूप राहिलं, म्हणून आज हसता येतं.

*

एकीने पदराच्या गाठीतून पाकिटाच्या तुकड्यातली एक कॅप्सूल काढून काउंटरवर ठेवली. जावेची उरलेली. हिला दिवस गेलेले आणि घसा दुखत होता. डॉक्टरकडे कशाला जायचं, जावेने गरोदरपणात लाल-पिवळीच खाल्ली होती, तिला काही झालं नाही, असं म्हणाली. मी उलटून नाव वाचलं तर औषध भलतंच, गरोदर बाईला देतच नाहीत असलं. जावेने ते बाळंतपणानंतर कधीतरी घेतलं असणार.

"पण रंग जुळता मा?" ती म्हणाली.

हे मेडिकल आहे, ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर नाही, असं सांगून कॅप्सूल काढून घेतली. रुसून गेली ती. पण डॉक्टरकडे गेली, हे महत्त्वाचं.

*

अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच जातीतलं, म्हणून ते देताना मी प्रत्येकीला विचारते, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का? एक पहिलटकरीण नाही म्हणाली. सोबत तिची आई होती, तीही ठामपणे नाही म्हणाली. पैसे दिले, पिशवी घेतली, पायरी उतरल्या, आणि मग आई मागे वळली.

"लहानपणी हिका असल्याच कॅप्सुलीन अंगभर गांधी उठल्ले. तोंड सुजान हंडो झाल्लो. पण ती दृष्ट होती, ॲलर्जी शेरातल्यांका जाता."

मी धावत जाऊन पिशवी हातातून ओढून घेतली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषध बदललं. मायलेकी मात्र आजही गावात सांगतात की मेडिकलवाली दिलेला माल हिसकावून घेते.

*

आता आमच्या शेजारच्या काकींचं ऐका. काकींची सून रसिका. बाळ दीड महिन्याचं. रसिकाच्या छातीत दूध साकळून गाठ आली, ताप भरला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, ते मीच दिलं. चिठ्ठीवर मराठीत स्पष्ट लिहिलेलं, बाळाला अंगावर पाजणं बंद करू नये. मीही तोंडी सांगितलं, की दूध निघत राहिलं तरच गाठ विरेल, थांबवलंत तर पू होईल. औषध दुधातून थोडंसं जातं, बाळाला जुलाब झाले किंवा अंगावर काही उठलं तर लगेच दाखवा. रसिकाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दोघी बाळाला घेऊन हजर. रसिकाचे डोळे रडून सुजलेले. काकींना दूध पाजायची बाटली हवी होती, घरातली गळत होती म्हणे. मी विचारलं, बाटली कशाला? तर रसिकाचं पाजणं दोन दिवस बंद! ती दूध पिळून काढायची आणि काकी ते माडाच्या मुळाशी ओतायच्या.

"डॉक्टरान सांगल्यान, औषध चालू आसा तवसर दूध ओतून टाक," काकी म्हणाल्या.

"खंयच्या डॉक्टरान?"

"ढोरांच्या."

त्यांच्या गायीची कास सुजली होती. रसिकाला गाठ आली त्याच दिवशी ढोरांचा डॉक्टर येऊन गायीला इंजेक्शन देऊन गेला आणि चार दिवस दूध ओता म्हणून सांगून गेला. काकींनी हिशेब केला, सूज तीच, औषध तेच, म्हणजे नियमही तोच.

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे रसिकाच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी काकींना असं झापलं, की पलीकडचा टेलर उठून बघायला आला. रसिकाला मी आत पडद्यामागे खुर्चीवर बसवलं. बाळ असं तुटून पडलं, की ती दुखण्याने रडत होती आणि हसतही होती. मलाही भरून आलं.

सगळं निवळलं तेव्हा सहज विचारलं, "काकी, गायीचा दूध तरी ओतलंस मा?"

काकींनी मला वेड्यात काढलं.

"गायीचा दूध कोण ओतता गो? पाप लागात. ता बाळाक पाजला."