मोटारीच्या टपावर दोन घागरी पाणी

वाचनालयातल्या मंडळींनो, आज सूचनाफलकावर सगळ्यात मोठा कागद माझा आहे, कारण मी जिंकून आलोय!

पावसाळ्यात गावोगावी रोगी बघायला मोटार हवी, म्हणून सकाळी लोणावळ्यातल्या एका दलालाकडे गेलो. त्याच्याकडे कापडी टप दुमडता येणारी जुनी मोटार होती. रंग चकचकीत, हँडल मारताच इंजिन सुरू. मी भाळलोच! विसार द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात आमच्याकडे दूध घालणाऱ्या कुरवंड्याच्या सखूमावशी तिथं थांबल्या.

"डाक्टर, टप लावून बगितला का?"

दलाल हसला. "एवढं ऊन पडलंय, टप कशाला?"

"पावसाचं इरलं घेताना आमी इकणाऱ्यालाच खाली बसवतो आन् वरनं पाणी वततो. मोटारीला काय येगळं?"

मी टप चढवायला लावला आणि दलालाला आत बसवलं. मावशींनी विहिरीवरून घागर आणून ओतली. एक थेंब आला नाही. दलाल ऐटीत! दुसरी ओतली आणि शिवणीतून धार थेट त्याच्या जरीच्या टोपीवर. पाणी खाली झिरपताना दिसलं म्हणून मी पायाखालची फळी उचलली, तर ती कुजून भुगा झालेली.

आता नवा टप, नव्या फळ्या घातल्याशिवाय व्यवहार नाही, हे त्यानं ओल्या टोपीनिशी कबूल केलं. विसार अजून माझ्याच खिशात आहे.

जुनी मोटार घेणाऱ्यांनो, इंजिन मागाहून बघा. आधी विचारा, विकणारा स्वतः टपाखाली बसायला तयार आहे का?