मावशीची दोन नावं

मुरबाडच्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले तेव्हा पहिल्या पगाराची चिठ्ठी घरी आईला दाखवली. मी बारावी झालेली, आई चौथी. तिने चिठ्ठीवरचा 'कपात' हा शब्द बरोबर शोधला आणि विचारलं, पैसे का कापले? काय चूक केलीस? पीएफ म्हणून कापतात, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे काय होतं, ते मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मग विचारायला लागले. कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं की आपला जेवढा भाग कापला जातो तेवढाच भाग कंपनीही आपल्या नावाने भरते, म्हणजे गेले त्याच्या दुप्पट जमा होतात. मला ते खरं वाटेना. त्यांनी माझ्याच मोबाइलवर माझं पासबुक उघडून दिलं. तीन रकाने होते. पहिला माझा, दुसरा कंपनीचा. कंपनीच्या भागातून मोठा हिस्सा काढून तिसऱ्यात टाकलेला, त्यावर लिहिलेलं 'पेन्शन'. पहिल्या दोन रकान्यांवर दरवर्षी व्याज चढतं, तिसऱ्यावर नाही, असं त्यांनी सांगितलं. का नाही, हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी परत गेले. बाई हसल्या. म्हणाल्या, पेन्शन साठलेल्या रकमेवर ठरत नाही, किती वर्षं काम केलं आणि पगार किती होता त्यावर ठरते. आणि दहा वर्षं भरली तरच ती मिळते.

ही दहा वर्षांची गोष्ट मला कळली नसती तर मावशीची गोष्ट घडली नसती.

मावशी माझी सख्खी नव्हे. शहापूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरून ती यायची आणि पॅकिंगच्या टेबलावर माझ्यासमोर उभी राहायची. खोक्याला पट्टी मारण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. गुडघे मात्र गेले होते. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी होती, शाळेत न गेलेल्या बहुतेक बायकांची असते तशी. त्या हिशेबाने येत्या जानेवारीत ती अठ्ठावन्नची होणार होती आणि कंपनी तिला निरोप देणार होती. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली की सगळा पीएफ काढायचा, घरावर पत्रे टाकायचे आणि विषय संपवायचा.

तुझी वर्षं किती झाली, मी विचारलं. तिने बोटांवर मोजली. साडेआठ.

मला वाईट वाटलं. दीड वर्ष कमी पडलं म्हणून पेन्शन जाणार. पण माझा स्वभाव खोदून विचारण्याचा. इथे यायच्या आधी काय करायचीस, असं विचारलं तर ती म्हणाली, आसनगावजवळ पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात होते, ठेकेदाराकडे, दोन वर्षांच्या वर. तिथेही पीएफ कापायचे का, मी विचारलं.

"कापायचे ना गो. कुठं जायचं ते कोन इचारतंय?"

चार दिवसांनी तिने रेशनकार्डाच्या पिशवीतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी आणली. त्यावर पीएफचा नंबर होता, पण नाव भलतंच. मी म्हटलं, ही तुझी नाही. ती म्हणाली, माझीच. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, पण वाडीवर सगळे तिला जुन्याच नावाने हाक मारत. ठेकेदाराच्या माणसाने विचारलं तेव्हा तिच्या तोंडून तेच आलं आणि त्याने तेच लिहिलं. आधारवर मात्र सासरचं नाव.

कार्यालयातल्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. दोन्ही खाती एकाच बाईची आहेत हे जुन्या कारखान्याने लिहून द्यावं लागेल, म्हणाल्या, आणि एक फॉर्म भरून दिला.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी आसनगावला गेलो. ठेकेदार केव्हाच निघून गेला होता. फाटकावरचा रखवालदार नवा. आम्ही तासभर झाडाखाली बसलो तेव्हा कुठे हिशेबनीस भेटले. वयस्कर गृहस्थ, बोलायला कोरडे. चिठ्ठी पाहून ते आत गेले आणि जुनी हजेरीची वही घेऊन आले. त्या पानावर माहेरचं नाव होतं आणि दर महिन्याच्या पगारासमोर निळा अंगठा.

"आता सही करता की अंगठा?" त्यांनी विचारलं.

मावशी साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. तरी तिने मुकाट्याने अंगठा पुढे केला. हिशेबनिसांनी कोऱ्या कागदावर ठसा घेतला, वहीशेजारी धरला आणि चष्मा वर करून बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिले. तिच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना आडवा व्रण आहे. तो दोन्हीकडे उमटला होता. त्यांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि मग आम्हाला पाणी विचारलं.

काम तेवढ्याने झालं नाही. फॉर्म एकदा परत आला, कारण नवऱ्याच्या नावात एक काना कमी होता. दुसऱ्यांदा गेला. भाताची कापणी आटोपली त्या सुमाराला माझ्या मोबाइलवर तिचं पासबुक उघडलं तर दोन्ही नोकऱ्या एकाखाली एक दिसल्या. दहा वर्षं पूर्ण, वर काही महिने. मी तिला स्क्रीन दाखवली. तिला वाचता आलं नाही, पण किती वेळ ती त्याच्याकडे पाहत होती.

"म्हंजे मी घरी बसले तरी पगार?" तिने विचारलं. थोडाच, मी म्हटलं, पण दर महिन्याला, आणि जिवंत असेपर्यंत.

जानेवारीत ती निवृत्त झाली. पीएफमधून पत्रे झाले. पेन्शन सुरू व्हायला आणखी काही महिने गेले. रक्कम फार नाही. मीठमिरची, औषध आणि वीजबिल सुटतं, असं ती सांगते. महिन्यातून एकदा ती पेन्शनची नोंद बँकेच्या पासबुकावर छापून घ्यायला मुरबाडच्या बँकेत येते आणि माझ्या सुट्टीच्या वेळी फाटकाशी थांबते. तिचे प्रश्न संपत नाहीत. एवढ्या लोकांचे पैसे ठेवतात कुठे, कोण राखतं, मधेच संपले तर? काहींची उत्तरं मला येतात, काही मी कार्यालयात विचारून ठेवते.

मागच्या वेळी तिने विचारलं, मी मेल्यावर हे बंद का? मी सांगितलं, नाही, तुझ्या नवऱ्याला त्यातला निम्मा भाग मिळत राहील.

"बरं," ती म्हणाली. "पन त्याला येवढ्यात सांगू नको गो."