गार बोट, हिरवी खूण

गुणाबाईला कामावरचा नवा मोबाईल मिळाला, त्या दिवशी तिचा नवरा अनंता कशेळीच्या गोडाऊनवरून आला तो दारातच हात जोडून उभा राहिला.

"डॉक्टरीणबाई, नंबर लावायचा हाय."

"आधी चपला काढ, मग नंबर."

गुणाबाई मूळची कोन गावाकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. दहावी पास, तीही दुसऱ्या खेपेला. लग्न होऊन कामतघरला आली, कापडाच्या लूमच्या खडखडाटात पोरं वाढवली आणि पुढे आशाताई झाली. लोकांच्या घरात शिरून कुणाला ताप, कुणाला दिवस गेले, याची चौकशी करायची हे काम. ते तिला झकास जमलं, कारण भोचकपणा अंगातच होता. सरकारने वरून फक्त साडी आणि बॅग दिली.

मोबाईलमधलं तपासणीचं ॲप कसं वापरायचं ते ठाण्याला शिकवलं. शिकवणारे केदार सर तरुण, गोरेगोमटे, आणि बायकांच्या घोळक्याला घाबरणारे. "पोराचं बोट कॅमेऱ्यावर दाबायचं, मग सोडायचं. दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की रक्त परत येतं. लवकर आलं तर हिरवी खूण, उशीर झाला तर लाल. लाल म्हणजे पोर गंभीर आहे, लगेच हॉस्पिटल."

"सर, नवऱ्याचं पण बघता येतं काय? रक्त फिरतं का नुसतं बसून हाय ते?" गुणाबाईने विचारलं. हॉल खदखदला. सर कानापर्यंत लाल झाले. त्यांचं रक्त लवकर येत होतं.

शेवटी सरांनी सांगितलं, "बोट गार असेल तर ॲप रीडिंग घेत नाही. एसीतून आलेलं मूल असेल तर आधी हात चोळून गरम करा." कामतघरात एसीतून आलेलं मूल आणायचं कुठून, हे कुणी विचारलं नाही. हॉलमध्ये एसी होता आणि सगळ्या जणी पदर लपेटून बसल्या होत्या.

ऑक्टोबरात डेंग्यू आला. शेजारच्या चाळीतल्या धोंडूबाईची नात मेघाली तापाने पडली. पाच वर्षांची, एरवी गुणाबाईच्या बॅगेत हात घालून गोळ्या मागणारी. आईबाप ड्युटीवर, घरात आजी.

"ताप उतरला बघ आज," धोंडूबाई खुशीत म्हणाली. "पण उठत न्हाय. पेज दिली ती ओकली. झोपूनच हाय."

गुणाबाईने पोरीचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: बोट थंड आहे. गरम करून पुन्हा प्रयत्न करा.

"पायपण गार हायत गं," धोंडूबाई म्हणाली.

"ताप गेला की येतो थंडावा. तू तो हात चोळ, मी हा चोळते."

दोघींनी चोळलं, फुंकलं, तव्यावर फडकं तापवून शेकलं. मेघालीने डोळेही उघडले नाहीत. मग पुन्हा बोट दाबलं आणि हिरवी खूण आली. धोंडूबाईने नातीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

गुणाबाई पुढच्या गल्लीत शिरली. ऊन असं की पत्रे करकरत होते. घाम पुसायला तिने पदर उचलला आणि तिथेच थांबली. एवढ्या उकाड्यात पोरीचे हात गार कशाने?

ती आली तशी मागे पळाली.

जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पोरीला बघताच सलाईन लावलं आणि ठाण्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स कुठेतरी अडकली होती, म्हणून रिक्षा केली. बाटली गुणाबाईने हातात वर धरली. कशेळीला ट्रेलरची रांग लागलेली, रिक्षावाला "अरे बच्ची है!" म्हणून ओरडत राहिला, पण पुढे सरकायला जागाच नव्हती.

धोंडूबाई नातीचे हात चोळतच होती. "गुणा, मोबाईल काढ. आता तापलाय बघ हात. हिरवं येईल."

गुणाबाईने मोबाईल काढला नाही. पोरीचं नख आपल्याच अंगठ्याने दाबून सोडलं. पांढरं पडलं ते पांढरंच राहिलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हातपाय कधीपासून गार आहेत?"

"गार कुठं?" धोंडूबाई घाईने म्हणाली. "चोळून चोळून गरम केलेत आमी."

"सकाळपासून," गुणाबाई म्हणाली. "आमी तापवलेत. मीच सांगितलं."

संध्याकाळी मेघाली गेली.

केदार सरांचा फोन आला. हात चोळून गरम करायची ती सूचना बदलतोय, म्हणाले.

धोंडूबाईने गुणाबाईला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं, असं गुणाबाईला वाटे. उलट भेटायला येणाऱ्या बायांना ती सांगायची, "गुणानं हिरवं करून दिलं व्हतं. माजाच हात थांबला. चोळत राहिले असते तर पोर राहिली असती."

चाळीने ते ऐकलं आणि खरं मानलं. आता गुणाबाई गल्लीत शिरली की बाया आजारी पोरांचे हात घसाघसा चोळायला घेतात. कुणी तवाही ठेवतं. दारात पोचेपर्यंत एखादी हौसेने पोराची लालबुंद बोटं पुढे करते, "ताई, तयार ठेवलंय."

"चोळू नका गं बायांनो," गुणाबाई हात जोडते. त्या हसतात, त्यांना वाटतं, ताई दमलीय.

मग ती मोबाईल बॅगेतच ठेवते, पोराचा हात आपल्या मांडीवर घेते आणि उंबऱ्यात बसून राहते, चोळल्याची ऊब ओसरेपर्यंत.