आडवी डहाळी

मी पीटीचा मास्तर होतो. वीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली. रांगेत उभं करायचं, मोजायचं, एखादं कमी भरलं तर शोधायचं... एवढंच मला येतं. पोरं भुताखेतांच्या गोष्टी सांगायला लागली की त्यांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचो. घराच्या दाराला कधी लिंबू-मिरचीही टांगली नाही. त्यामुळे हे लिहायला हात धजत नव्हता. बायको म्हणाली, "लिहून टाका एकदाचं, नाहीतर मलाच परत परत सांगत बसाल." म्हणून लिहितोय. खरं-खोटं तुम्ही ठरवा, वाद घालायची ताकद माझ्यात आता राहिलेली नाही.

मी मूळचा पलूसकडचा, उसाच्या सपाटीतला माणूस. डोंगर बघितला तो नोकरीसाठी वाईला आलो तेव्हा. नोकरी सोडल्यावर चालण्याच्या सहली सुरू केल्या. चार दिवस पायी, मुक्काम डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांमध्ये, सामान गाडीने पुढे. पुण्या-सांगलीकडची पन्नाशी-साठीची मंडळी येतात. पहिली दोन वर्षं मलाही हौस होती. आता पाचवं वर्ष आहे आणि खरं सांगायचं तर पाय उचलत नाहीत. तेच कडे, तेच फोटो, "सर, अजून किती?" हा तोच प्रश्न, आणि "हे काय, आलंच" ही तीच माझी थाप.

या कामात दोन माणसं लागतात. एक सगळ्यांच्या पुढे, वाट दाखवायला. दुसरं सगळ्यांच्या मागे — त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. पुढचा चुकला तर सगळे मिळून चुकतात, त्याचं फारसं काही नाही. मागच्याचं लक्ष हललं तर एकटं माणूस हरवतं.

माझं मागचं माणूस म्हणजे बायजामावशी. वाईच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे (नाव मुद्दाम देत नाही), तिथल्या. वय पासष्टच्या पुढे, नऊवारी, कमरेला विळा, हातभर काचेच्या बांगड्या. चालता चालता बाजूचं झुडूप छाट, कुठे हिरडा वेच, असं त्यांचं चालायचं. जो दमेल त्याची पिशवी स्वतःच्या डोक्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला निवांत. मी हाय म्हागं."

त्यांच्या वाडीच्या वर, पलीकडच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरून, उतरताना एक खिंड लागते. खिंडीत शेंदूर फासलेला दगड आहे. जो खिंड ओलांडेल त्याने एक डहाळी मोडून त्या दगडाला टेकवून उभी ठेवायची, हे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असतं. पण या वाडीची रीत आणखी एक पाऊल पुढची. पूर्वी बायका सड्यावर सरपणाला जायच्या. परत येताना जी सगळ्यात शेवटी असेल, तिने आपली डहाळी उभी न ठेवता बाकीच्यांवर आडवी ठेवायची. आडवी डहाळी म्हणजे सगळ्या आल्या, मागे कुणी नाही. कुणाची सून उशिरापर्यंत घरी आली नाही तर सासू आधी खिंडीत जाऊन बघायची. आडवी डहाळी नसेल तर सून अजून सड्यावर आहे. आडवी दिसली तर ती खिंडीच्या अलीकडेच कुठेतरी आहे, तिथे शोधायचं. घरोघरी गॅस आला आणि ही रीत गेली. एकट्या बायजामावशी ती पाळायच्या.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशींना थांबवलं. गुडघे दुखायचे त्यांचे. मी शाल-नारळ दिला आणि म्हणालो, "मावशी, आता घरी बसा. फार चाललात."

"बसते की," त्या म्हणाल्या. "पर आडवी डहाळी कोन ठेवनार?"

"आता वॉकी-टॉकी आलेत, मावशी."

"मंग बरं हाय," म्हणाल्या आणि नारळ पदरात बांधून गेल्या. वळून काही बघितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गणपती होऊन गेल्यानंतरचे दिवस होते, सड्यावर फुलं आलेली. माझ्याबरोबर दहा माणसं. त्यात पलूसचेच एक रिटायर्ड सुभेदार होते, छाती अजून पुढे काढून चालणारे. त्यांना मी मागे ठेवलं, हातात वॉकी-टॉकी दिला. आणि सांगलीहून एकट्या आलेल्या एक अनघाताई होत्या. बँकेतून निवृत्त, मिस्टर जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. चालायला सगळ्यात हळू. आणि दर दहा पावलांना "माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतोय हो..." त्यांना 'नाही हो' म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं होतं. तिसऱ्या दिवशी तर मी नुसतीच मान हलवायला लागलो.

त्या तिसऱ्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, सड्यावर धुकं उतरलं. चार हातांपलीकडचं दिसेना. मी खिंडीत पोचलो, डहाळी ठेवली, मागच्यांना तेवढं करायला सांगितलं आणि उतरायला लागलो. आडव्या डहाळीचं कुणाला सांगितलं नाही, मलाच ती आठवली नव्हती. थोड्या वेळाने वॉकी-टॉकी खरखरला. सुभेदार म्हणाले, "सर, सगळं पब्लिक पास. मागं क्लिअर."

वाडीत पोचलो तर मावशींच्या दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, "मावशी लेकीकडं सांगलीला हायत. गनपतीपास्नं तितंच हायत, गुडघं लय धरल्यात." चहा आला. मी सवयीने कप मोजले आणि माणसं मोजली. सुभेदार धरून नऊ.

अनघाताई नव्हत्या.

सुभेदारांचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभर झपाझप चाललेला माणूस, त्याला हळू चालता येईना. धुक्यात दोन-तीन जणांना कधी मागे टाकलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. "सर, मला वाटलं त्या फुडं गेल्या," एवढंच ते परत परत म्हणत होते. रागवायला हवं होतं, पण राग यायलाही अंगात जीव लागतो. चूक त्यांची नव्हतीच. त्यांना मागे ठेवणारा मी.

बाकीच्यांना वाडीत बसवून आम्ही दोघं परत चढलो. वाडीतली गडीमाणसं एका मयताला खाली गेलेली, घरात होत्या त्या म्हाताऱ्या आणि लहान पोरं. तासाभरात खिंडीत आलो. सव्वापाच झाले होते. धुकं होतं तसंच. उजेड फार तर तास-सव्वा तास. पलीकडे सडा, त्याला दोन बाजूंनी कडे. अलीकडे, खिंडीच्या जरा खाली, एक वाट डावीकडे फुटते, गुरांच्या जुन्या पाण्याच्या टाक्याकडे जाते आणि पुढे तीही कड्यावर संपते. म्हणजे शोधायच्या जागा दोन, आणि वेळ एकीलाच पुरेल एवढा. दोघांनी दोन दिशांना जायचं तर सुभेदारांना वाट माहीत नाही; एक हरवली होती, दोन झाली असती.

"सर, सड्यावर चला," सुभेदार म्हणाले. "लेडीज हाय, दमली असणार, तितंच बसली असणार." मलाही तेच पटत होतं.

निघता निघता दगडाकडे बघितलं. आमच्या डहाळ्या टेकवून ठेवलेल्या. आणि त्यांच्यावर एक जांभळीची डहाळी... आडवी.

मी वाकून हातात घेतली. पानं ताजी, देठ ओला. आमच्या सगळ्यांच्या डहाळ्या हाताने मोडलेल्या, साल लोंबत असलेल्या. ही विळ्याने एका घावात तिरकी छाटलेली. आमच्यात कुणाकडे साधा चाकूही नव्हता. "ही तुम्ही ठेवलीत?" मी सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, "आडवी कशाला ठेवतोय? तुमी सांगितलं तशी उभी ठेवली की."

मी घाबरलो. भुताला नव्हे, मला ठरवायचं होतं म्हणून. रीतीप्रमाणे त्या डहाळीचा अर्थ एकच, सगळे खिंड ओलांडून आले, मागे कुणी नाही. पण ती रीत पाळणारी एकुलती एक बाई दीडशे किलोमीटर लांब सांगलीत बसली होती. डहाळीवर विश्वास ठेवून डावीकडे गेलो आणि अनघाताई सड्यावर असल्या तर? त्यांच्या मुलाला फोनवर काय सांगणार होतो, डहाळी आडवी होती म्हणून?

डहाळी होती तशी परत ठेवली. "डावीकडे," म्हणालो. सुभेदार माझ्याकडे बघतच राहिले.  मास्तरकीचा आवाज काढून फक्त "चला" म्हणालो.

टाक्याच्या पुढे, वाट कड्याला मिळते तिथून तीस-पस्तीस पावलं अलीकडे, अनघाताई वाटेच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, बसस्टॉपवर बसावं तशा. मला बघून म्हणाल्या, "आलात का? माझ्यामुळे तुम्हाला..." आणि रडायलाच लागल्या. मीही रडलो. लाज वाटून घ्यायचं कारण नाही, रडलो.

त्यांना पाणी पाजलं, सुभेदारांनी त्यांची पिशवी न विचारता डोक्यावर घेतली. उतरताना मी विचारलं, "ताई, मागे राहिल्यावर हाक का नाही मारलीत?"

"मी मागे राहिले असं वाटलंच नाही हो. माझ्या मागे एक बाई होत्या ना. दिसल्या नाहीत धुक्यात, पण बांगड्या वाजत होत्या. मधूनच झुडूप छाटल्यासारखा आवाज यायचा. म्हटलं, चला, कुणीतरी आपल्याहून हळू आहे. इतकं बरं वाटलं..."

"मग बसलात कशाला?"

"खिंडीनंतर तो आवाज येईनासा झाला. मग म्हटलं, त्या दमल्या असतील, आपण थांबू या त्यांच्यासाठी. आपल्यासाठी तीन दिवस सगळे थांबतायत." जरा वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पोचल्या का नीट?"

आमच्या घोळक्यात ताईंखेरीज आणखी दोनच बायका होत्या, दोघींच्या हातात घड्याळाखेरीज काही नाही. मी म्हणालो, पोचल्या.

वाडीत रेंज मिळते ती फक्त देवळाच्या पायरीवर. दिवेलागणीला तिथे बसून मी मावशींच्या लेकीला फोन लावला. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, आई आज येड्यावानी करायलीय. तीनपास्नं दारात उभी होती. गुडघ्यावर जोर देववत न्हाई तिला, तरी बसंना. खुर्ची दिली तर ढकलून दिली. आत्ता सहाच्या जरा आधी आपली आपण आत आली आन् बसली."

आम्हाला अनघाताई सापडल्या तेव्हा पावणेसहा झाले होते.

मग मावशी फोनवर आल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आली व्हय सगळी?"

"आली, मावशी."

"मंग झालं."

इथे एक कबूल करतो. मावशींना थांबवलं ते गुडघ्यांमुळे नव्हे. गुडघे दुखत असूनही त्या कधी थांबवा म्हणाल्या नव्हत्या. त्यांची आणि त्यांच्या पुढच्या हळू माणसांची वाट बघत उन्हात उभं राहायचा मला कंटाळा आला होता, एवढंच. हे मी त्यांना फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, "आवं मास्तर, म्या काय न्हानी हाय? कळलं हुतं मला तवाच." आणि पुढे, "तुमी दमलाय. आता म्हागं चालत जावा. दमल्यालं मानूस म्हागंच बरं, त्याला दमल्यालं दिसतं."

नंतर पुष्कळ विचार केला. सरपणाला आलेली दुसरी एखादी बाई असेल? वाडीत घरोघर विचारलं, त्या दिवशी वर कुणी गेलं नव्हतं. अनघाताईंना भास झाला असेल? असेलही. पण भासाने डहाळी छाटली जात नाही. सुभेदार म्हणतात, "सर, नका इचार करू, माणूस मिळालं ना." मला याचं स्पष्टीकरण मिळालेलं नाही, आणि शोधायचंही आता मी सोडून दिलंय.

सहली चालू आहेत. पुढे सुभेदार असतात, वाटा पाठ केल्यात त्यांनी. मागे मी. हळू चालणाऱ्यांबरोबर चालतो, पाय दुखतात, पण पहिल्यासारखा कंटाळा येत नाही. खिंडीत सगळे पुढे गेले की माझी डहाळी आडवी ठेवायची असते. ठेवायच्या आधी मी जरा बाजूला होऊन उभा राहतो. मावशी अजून सांगलीलाच आहेत, परवाच बोलणं झालं, हे मला चांगलं माहीत असतं. तरी थोडा वेळ वाट देतो, आणि मगच ठेवतो.